मिंटच्या अंगणाला सीलर: काम चोख, पायऱ्या सोडून

पाचांपैकी साडेतीन तारे. एक तारा पायऱ्यांनी खाल्ला, अर्धा जाईच्या वेलाने. बाकी कामावरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेलाय, आणि मी खोड काढायला बसले तरी फारसं काही हाती लागत नाही. दुकान ग्वाल्हेरातल्या मुरारकडचं, दगडाची घिसाई, पॉलिश आणि सीलर (दगडाने पाणी आणि डाग पिऊ नयेत म्हणून लावायचं रसायन) अशी तिन्ही कामं घेतात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्या पोरांबद्दल दोन शब्द कडक आहेत आणि मुख्य मिस्त्री माणूस सज्जन आहे.

आमचं घर शहराच्या लष्कर भागात, वाटण्या झालेल्या वाड्याचा पुढचा भाग. अंगणात ग्वाल्हेर मिंट, म्हणजे इथलाच तो फिकट हिरवट-पांढरा वालुकाश्म. दारापुढच्या पायऱ्या लाल दगडाच्या आणि मागे धुण्याच्या जागी कोटा. मिंट बसवून पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. दगड टणक आहे, मेमध्ये पायाला लाल दगडाइतका चटका देत नाही, आणि त्यातली ती नेच्याच्या पानांसारखी तपकिरी नक्षी मला अजून आवडते. (दुकानदार तिला ‘फॉसिल’ म्हणून दोन पैसे जास्त लावतात. ते जीवाश्म नव्हेत. लोह आणि मँगनीजची ऑक्साइडं दगडाच्या बारीक फटींतून झिरपत तशी वाढतात. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय, एवढं बोलायचा हक्क आहे.)

पण वालुकाश्म तो, पाणी पितोच. पाण्याबरोबर जे येईल तेही पितो. आमच्याकडे येतं काय? शेजारच्या जांभळाची फळं, वृंदावनापाशी दिव्याचं तेल, कुंकू, कूलरची गळती, झोपाळ्याच्या लोखंडी पायांचा गंज. आणि सावलीकडच्या भागात ते काळे ठिपके, जे घासून हात दुखले तरी जात नाहीत. ते मळाचे नसतात. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच ते दूरचे भाऊबंद, दगडात मूळ धरून बसलेले.

गल्लीकडच्या पट्ट्यावर आणखी एक जुनी जखम आहे. फरशी बसवली तेव्हाच्या ठेकेदाराने सिमेंटचे ओघळ काढायला तेजाब ओतलं होतं. सिमेंट गेलं, पण दगडातलं लोह वर आलं आणि तो पट्टा आजतागायत पिवळट-तांबूस आहे. या मिस्त्रींनी तो पाहिल्या-पाहिल्या सांगितलं की हा आमच्याच्याने जाणार नाही, सीलर लावल्यावर उलट थोडा गडदच दिसेल. तसंच झालं. आधीच स्पष्ट सांगितलं, हा त्यांचा पहिला गुण.

त्यांच्या आधी मी दोन-तीन ठिकाणी विचारलं होतं. एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून तिथल्या तिथे भाव सांगितला. दुसरा म्हणाला, ‘मैडम, शीशे जैसा कर देंगे.’ मला अंगणात आरसा नको होता, घरात चौऱ्याऐंशीच्या सासूबाई काठी टेकत फिरतात. हे मिस्त्री मात्र स्वतः आले, चहाला नाही म्हणाले आणि लोटाभर पाणी मागितलं. अंगणात पाच-सहा जागी थोडं थोडं पाणी टाकलं आणि घड्याळ बघत उभे राहिले. वृंदावनापाशी पाणी बघता बघता आत गेलं आणि दगड काळपट झाला. झोपाळ्याखाली जरा वेळ लागला. मागे कोट्यावर टाकलेलं पाणी मात्र आम्ही परत येईपर्यंत तसंच थेंबाथेंबाने बसलेलं. ‘ये तो पी ही नहीं रहा. इसमें पैसा मत डालिए,’ म्हणाले, आणि जवळजवळ एकशे चाळीस चौरस फुटांचं काम स्वतःच्या हाताने कापून टाकलं. त्यांच्या धंद्यातल्या कुणी गिऱ्हाइकाचे पैसे असे वाचवलेले मी पहिल्यांदा पाहिले.

कोटा हा चुनखडक, शिवाय दाट. हे सीलर ज्या रसायनांचे असतात ती वालुकाश्मातल्या सिलिकाशी चांगली जोडली जातात, चुनखडकाशी तितकीशी नाही. आणि कोट्याला खरा धोका डागांचा नसतोच, आम्लाचा असतो. लिंबू सांडलं, संडासाचं क्लीनर सांडलं की चमक जाते आणि पांढरट खवला उमटतो. तिथे दगड विरघळलेला असतो, त्याला सीलर काय करणार?

आता सीलरबद्दल थोडं, कारण दुकानात गेलात की दहा डबे पुढे येतात आणि सगळ्यांवर पाण्याचे मोतीदार थेंब छापलेले असतात. मुळात जाती दोन. एक वर थर धरणारी, बहुतेक अ‍ॅक्रिलिकची. दगड ओला असल्यासारखा गडद आणि चकचकीत दिसतो, याला हे लोक ‘वेट लुक’ म्हणतात. दुसरी आत मुरणारी, सिलेन-सिलोक्सेनची. तिचे रेणू बारीक, छिद्रांत शिरून तिथल्या भिंतींना चिकटतात, छिद्रं मात्र बुजवत नाहीत. पाणी आत शिरत नाही पण आतली वाफ बाहेर पडते. बाहेरच्या दगडाला हे वाफेचं फार महत्त्वाचं, कारण फरशीखालून ओल येतच असते. वर थर असला की ती अडकते, थराखाली पांढरे डाग पडतात आणि मग पापुद्रे निघतात. नंतर ते खरवडून काढायचा खर्च सीलरच्या तिप्पट.

दुकानातल्या एका पोराला वेट लुकच खपवायचा होता, त्यात त्यांना सुटत असणार जास्त. मी म्हटलं, नमुना दाखवा. आमच्याकडे मिंटची एक जादा फरशी पडून होती. तिच्या एका अर्ध्यावर हा, दुसऱ्या अर्ध्यावर तो लावून ठेवला. वाळल्यावर पाणी ओतलं आणि सासूबाईंची काठी दोन्हीकडे टेकवून पाहिली. वेट लुकच्या बाजूला काठी सर्रकन सरकली. विषय संपला. तुम्हीही नमुन्याशिवाय होकार देऊ नका. हिरवट मिंट गडद झाल्यावर कसा दिसेल ते डब्यावरच्या चित्रावरून कळत नाही.

आमच्या भावजींचा सगळ्यालाच विरोध होता. ‘वहिनी, किल्ल्याला कुणी सीलर लावला होता? मानमंदिर पाचशे वर्षं उभं आहे!’ खरं आहे. पण मानसिंह तोमराचा महाल (त्याचा राज्यकाळ १४८६ ते १५१६) म्हणजे उभ्या भिंती. पाऊस पडला की पाणी ओघळून जातं. आमची फरशी आडवी पडलेली, खाली सिमेंट, वर जांभळं. आणि मानमंदिरावर रोज संध्याकाळी कुणी दिव्याचं तेल सांडत नाही. भावजी पटल्यासारखं हसले, पण पटलं नव्हतं. सीलर लावला नाही तर दगड मोडून पडेल असं मीही म्हणत नाही. डाग चालत असतील तर हा खर्च करू नका, दगडाला काहीही होत नाही.

आता ज्यासाठी मी या माणसाला मानलं ते सांगते. न्हाणीघराच्या भिंतीलगत अंगणाचा एक पट्टा आहे, तिथे हिवाळ्यात पांढरी भुकटी येते. लोणा. मी आजवर झाडून टाकत आले होते. मिस्त्रींनी ती बोटावर घेतली, चुरडून पाहिली आणि पिशवीतून जाड पारदर्शक पन्नीचा हातभर तुकडा काढला. तो त्या पट्ट्यावर अंथरला, चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद केल्या, वरून अंगठ्याने दाबत फिरले. तसाच दुसरा तुकडा अंगणाच्या मधोमध. ‘कल सुबह देखेंगे.’ सकाळी मधल्या पन्नीखाली दगड कोरडा ठणठणीत होता. भिंतीलगतच्या पन्नीच्या आतल्या बाजूला मात्र बारीक थेंब जमले होते आणि खालचा दगड आसपासच्यापेक्षा एक छटा गडद. वर पाऊस नाही, दव पन्नीच्या आत शिरू शकत नाही, म्हणजे पाणी खालून येतंय.

त्यांनी त्या पट्ट्यावर सीलर लावायला साफ नकार दिला. खालून येणारं पाणी क्षार घेऊन येतं. उघड्या दगडात ते वर येऊन सुकतं आणि क्षार वर भुकटी होऊन बसतात, झाडले की गेले. सीलर लावला की पाणी वरच्या थराखालीच अडतं, वाफ तेवढी बाहेर पडते, क्षार तिथेच आत स्फटिक होतात आणि दगडाचा वरचा पापुद्रा फोडतात. म्हणजे आपण पैसे देऊन दगड फोडून घेतो. प्लंबर बोलावला तर न्हाणीघराच्या निचऱ्याचा सांधा गळत होता. तो दुरुस्त झालाय, पट्टा अजून सुकतोय, लोणा कमी होतोय. तो पट्टा आजही बिनसीलरचा आहे आणि तसाच बरा.

वेळेबद्दलही त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. मी गणपतीच्या आधी करून घ्यायला टपले होते, पाहुणे यायचे होते. ते म्हणाले, दिवाळीनंतर. डब्यावर ५ ते ३० अंश असं तापमान लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे-जूनमध्ये हवाच ४५ला टेकते, दगड तर त्याहून तापलेला. सीलर आत मुरायच्या आत वरच उडून जातो. पावसाळ्यात दगड कोरडा मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि दव, दुपारपर्यंत अंगण ओलसर. उरतात ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, आणि मग फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. ग्वाल्हेरचा मिंट विलायतेतल्या अंगणांतही जातो, तिथे बारमाही भुरभुर पाऊस आणि यांच्या डब्यांवरच्या बऱ्याच सूचना तशाच हवेच्या. इथे त्या जशाच्या तशा पाळायच्या तर वर्षातले जेमतेम तीन महिने हाती राहतात.

लावायच्या आधीची तयारी हेच खरं काम, आणि ते त्यांनी मन लावून केलं. गंजाला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, तेही आधी कोपऱ्यात चाचणी घेऊन आणि कोट्याच्या आसपासही न जाता. काळ्या ठिपक्यांना पातळ केलेलं ब्लीच आणि मग भरपूर पाणी. घासायला नायलॉनचा ब्रश. तारेच्या ब्रशाला त्यांनी हात लावू दिला नाही, कारण तारेचे कण दगडात राहतात आणि पहिल्या पावसात गंजतात. गाड्या धुवायचं जोराच्या पाण्याचं मशीन एका पोराने आणलं होतं, मिस्त्रींनी ते परत पाठवलं. वालुकाश्माचे कण आणि सांध्यातला माल दोन्ही त्याने उडतात.

वृंदावनापाशचा तेलाचा काळा गोल मी सोडूनच दिला होता. त्यावर त्यांनी मुलतानी माती थिनरमध्ये कालवून जाड लेप दिला, वर पन्नी झाकली. दुसऱ्या दिवशी पन्नी काढून लेप सुकू दिला. सुकताना थिनर वर येतं आणि तेल घेऊन येतं, मातीत अडकतं. लेप उचलला तर खालची बाजू तेलकट पिवळी. पुन्हा एकदा केलं. गोल पूर्ण गेला नाही, पण आता माहीत असलेल्यालाच दिसतो. मग सांधे जिथे उघडले होते तिथे भरले, वाळू दिले, अंगण धुऊन कोरडं व्हायला सोडलं. या मधल्या दिवसांत मला अंगणात रांगोळीसुद्धा काढू दिली नाही.

सीलर लावायच्या दिवशी दव उडाल्यावर सुरुवात झाली. पंपाने हलकासा फवारा, मागोमाग रोलर, पहिला हात ओला असतानाच दुसरा, आणि दहा-एक मिनिटांनी जे वर राहिलं असेल ते सुती कापडाने पुसून घ्यायचं. हे पुसणं म्हणजे सगळी मेख. दगडाला हवं तेवढं तो पितो, उरलेलं वर सुकलं की चिकट होतं. अंगणाचं काम मिस्त्रींनी स्वतः केलं, वाकून, उन्हाच्या पुढे पुढे सावली धरत. थिनरचा वास दांडगा होता, सासूबाईंना मी जाऊबाईंकडे पाठवून दिलं. आणि माल ज्वालाग्राही, त्यामुळे त्या संध्याकाळी वृंदावनाचा दिवा देवघरातच लावला. हे मला त्यांनी सांगितलं नाही, मी डब्यावर वाचलं. सांगायला हवं होतं.

आता पायऱ्या. दुपारी मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेले आणि पायऱ्या पोरांवर सोडल्या. तोवर ऊन पायऱ्यांवर आलेलं. पोरांनी दणादण दोन हात मारले, एकाचा फोन वाजला, दुसरा तंबाखू मळत बसला, आणि पुसायची वेळ गेली. लाल दगडावर तेलकट चकाकीचे थापे राहिले, बोट लावलं तर चिकट. आठवडाभरात त्यांवर धूळ बसून ते काळपट झाले. फोन केला तर ‘कल आते हैं, आंटीजी.’ हे ‘कल’ बरंच लांबलं. (आणि आंटीजी कोणाला?) शेवटी मी मिस्त्रींनाच गाठलं. ते आले, तोच सीलर कापडावर घेऊन थापे पुन्हा ओले केले, विरघळल्यावर घासून पुसले. नव्वद टक्के निघालं. दुसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात अजून एक डाग आहे, पाहुण्यांना दिसत नाही, मला रोज दिसतो. त्याचे जादा पैसे घेतले नाहीत, पण उशिराबद्दल दिलगिरीचा शब्दही नाही.

जाईचा वेल कठड्याला लागून आहे. त्यावर काही झाकलं नव्हतं, फवारा उडाला आणि खालची पानं करपली. वेल जगला, नवी पानं फुटली. पण एक जुनी चादर टाकायला किती वेळ लागतो?

वर्षभरानंतरचा निकाल. कूलरचं पाणी ठिबकतं, थेंब होऊन राहतं, पण बोअरचं पाणी जड असल्यामुळे सुकल्यावर पांढरा थर बसतो तो बसतोच. फरक एवढा की तो आता ओल्या कापडाने निघतो. दिव्याचं तेल त्याच संध्याकाळी पुसलं तर भांड्यांच्या साबणाने साफ. जांभूळ सकाळचं दुपारी उचललं तर डाग नाही. आम्ही दोन दिवस गावाला गेलो होतो तेव्हाची जांभळं मात्र फिकट जांभळी सही करून गेली. कुंकवाचा रंग थोडा उमटतो, आजकालचं कुंकू म्हणजे निव्वळ रंगच. शेवाळ? नळाखाली पावसाळ्यात आलंच, सीलर ते थांबवत नाही, पण खराट्याने निघालं, पूर्वी चिकटून बसायचं. गणपतीत अंगणात मांडव होता, भज्यांचं तेल सांडलं, मी घाबरले होते, काही झालं नाही.

देखभाल फार नाही. झाडणं, आणि साधा सौम्य साबण पाण्यात घालून पुसणं. अ‍ॅसिडवाली फरशी-क्लीनर बंद, कामवालीला बाटलीच लपवून ठेवलीय. पुन्हा कधी लावायचा हे दुकानवाले दोन वर्षं, तीन वर्षं असं सांगतात. मी वर्षातून एकदा पावसाळा ओसरल्यावर तेच लोट्याचं पाणी टाकून बघणार. दगड काळपट व्हायला लागला की बोलावणार, त्याआधी नाही. यंदा वृंदावनापाशी थोडा काळपट झाला, इतरत्र नाही. तिथे रोज पाणी पडतं, साहजिक आहे.

हिशेब असा: सहाशे वीस चौरस फुटांपैकी कोटा आणि ओला पट्टा वगळून चारशे चाळीसचं काम झालं, मालासकट ३८ रुपये फूट, म्हणजे १६,७२० रुपये. डागांचे लेप आणि सांधे त्यातच. माल लागला सात लिटरच्या आतबाहेर, म्हणजे लिटरला साधारण पासष्ट फूट. तुम्हाला कुणी लिटरला दोनशे फूट सांगितलं तर तो एकतर पाणी घालतोय किंवा एकच हात मारतोय. डबे समोर फोडायला लावा. मी लावले, त्यांनी कुरकुर केली नाही.

गच्चीच्या कठड्याचं काम फेब्रुवारीत यांनाच द्यायचं ठरवलंय. मिस्त्रींना सांगून ठेवलंय, तुम्ही स्वतः शेवटपर्यंत थांबणार असाल तर या. ते हो म्हणालेत. जाईवर टाकायची चादर मी काढून ठेवलीय.